सामूहिक नृत्यनाट्यनिर्मिती

सामूहिक नृत्यनाट्यनिर्मिती : पूर्वलिखित संहिता वा आधीच बांधलेली नृत्यरचना हाती न घेता, नर्तकसमूहाने तालमीत केलेल्या आशुरचनांतून नृत्यनाट्य घडविण्याची पद्धती. तिच्यात नृत्यरचनाकार पदन्यास शिकवीत नाही. तो विषय, नियम किंवा प्रश्न पुढे ठेवतो आणि नर्तकांच्या प्रतिसादांतून निवड, जुळणी व काटछाट करीत प्रयोग सिद्ध करतो. विसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेत या पद्धतीचे अनेक प्रयोग झाले. तथापि तिला सर्वपरिचित रूप लाभले, ते जर्मनीतील व्हुपर्टाल येथे पीना बाउश (१९४०–२००९) हिच्या नृत्यसंचात. अशा कृतीचा कर्ता कोण आणि मूळ नर्तक निघून गेल्यावर ती टिकावी कशी, हे दोन प्रश्न या पद्धतीच्या इतिहासाशी निगडित आहेत.

पार्श्वभूमी : बॅलेच्या ठराविक पदन्यासांपासून नृत्याला मुक्त करण्याचे प्रयत्न जर्मन भाषिक प्रदेशात पहिल्या महायुद्धापूर्वीच सुरू झाले. रूडोल्फ लाबान (१८७९–१९५८) याने १९१३ पासून स्वित्झर्लंडमधील मोंते व्हेरिता येथे उन्हाळी वर्ग चालविले. तेथे आशुरचना हे शिक्षणाचे महत्त्वाचे साधन होते. लाबाननेच पुढे हालचाली चिन्हांनी लिहून ठेवण्याची नृत्यलेखनपद्धती तयार केली. त्याचा शिष्य कुर्ट योस (१९०१–७९) याच्या ‘हिरवे मेज’ या युद्धविरोधी नृत्यनाट्यास १९३२ मध्ये पॅरिस येथील स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. ज्यू सहकाऱ्यांना दूर करण्यास नकार दिल्याने योसला १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, तो एसेन येथील फोल्कव्हांग विद्यालयात परतला. ‘हिरवे मेज’ नृत्यलिपीत उतरविले गेल्याने जगातील अनेक संचांना ते पुढे सादर करता आले. मात्र नर्तकाच्या खाजगी आठवणीतून उपजलेल्या कृतीला हा मार्ग तितकासा उपयोगी पडत नाही.

न्यूयॉर्कमधील जडसन चर्चमध्ये १९६२ पासून तरुण नर्तकांनी चालणे, धावणे, ओझे उचलणे यांसारख्या नित्याच्या हालचालींना नृत्यात स्थान दिले. त्याच वर्तुळातून ‘ग्रँड युनियन’ हा संच (१९७०–७६) निर्माण झाला. त्याचे प्रयोग प्रेक्षकांसमोर तत्क्षणी रचले जात. म्हणून त्यांची पुनरावृत्ती संभवत नसे. व्हुपर्टालची पद्धती याहून भिन्न होती. तेथे आशुरचना तालमीपुरती असे. प्रयोगात तिची निश्चित केलेली, पुन:पुन्हा सादर करता येणारी रचना अवतरत असे.

व्हुपर्टालची तालीमपद्धती : झोलिंगेन येथे जन्मलेली बाउश फोल्कव्हांग विद्यालयात योसकडे व नंतर न्यूयॉर्कमधील ज्युल्यार्ड विद्यालयात शिकली. १९७३ मध्ये व्हुपर्टालच्या नाट्यगृहातील बॅलेसंचाची सूत्रे तिच्याकडे आली. ‘वसंतबली’ (१९७५) या स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीतावरील कृतीपर्यंत ती स्वतः रचलेल्या हालचाली नर्तकांना शिकवीत असे. ‘सात घोर पापे’ (१९७६) या कृतीच्या वेळी मात्र संचातील काही नर्तकांशी तिचे मतभेद झाले. तेव्हा तिने मोजक्या नर्तकांना घेऊन लहान जागेत नव्याने कामास आरंभ केला.

१९७८ मध्ये बोखुम येथे शेक्सपिअरच्या मॅक्‌बेथवर आधारित कृती करताना या पद्धतीस निर्णायक वळण लागले. या संचात नर्तकांबरोबर नट व एक गायिका यांचाही समावेश होता. अशा मिश्र समूहाला नृत्याचे तुकडे शिकविणे शक्य नव्हते. म्हणून बाउशने स्वतःला पडलेले प्रश्न त्यांनाच विचारण्यास प्रारंभ केला. प्रश्न विचारण्याची ही रीत अशा प्रकारे गरजेतून जन्मली. पहिल्या प्रयोगास प्रेक्षकांचा मोठा विरोध झाला, तरी पद्धती कायम राहिली.

व्हुपर्टालच्या बार्मेन भागातील ‘लिख्टबुर्ग’ या जुन्या चित्रपटगृहात तालमी होत. बालपणातील भीती, प्रेमाची खूण, लाज, घरातील सण अशा विषयांवर बाउश प्रश्न विचारी. उत्तर शब्दांनी, हालचालीने किंवा छोट्याशा प्रसंगाने देण्याची मुभा असे. ती उत्तरांची टिपणे ठेवी; नर्तकही आपापली नोंद ठेवीत. यांतील बहुतेक सामग्री वगळली जाई. काही तुकडे पुन्हा करून दाखविण्यास ती सांगे. त्यांची गती बदलून, ते दुसऱ्या नर्तकाला देऊन किंवा दोन तुकडे एकाच वेळी चालवून नवे अर्थ शोधले जात. संगीताची निवड व प्रसंगांचा क्रम ही कामे सामान्यतः उशिरा होत. पहिल्या प्रयोगानंतरही फेरफार चालू राहत. पुष्कळ कृती केवळ ‘नवी कृती’ या नावाने रंगमंचावर आल्या आणि त्यांचे शीर्षक मागाहून ठरले. ‘बांडोनेऑन’ (१९८०) या कृतीच्या तालमींची रोजनिशी रायमुंट होघे या लेखकाने १९८१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पद्धतीच्या अभ्यासास ती उपयुक्त आहे.

‘कोंटाक्टहोफ’ (१९७८) हे या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. एका जुन्या नृत्यगृहात भिंतीलगत खुर्च्यांची रांग आहे. स्त्रीपुरुष एकेक करून पुढे येतात आणि एखाद्या परीक्षकाला दाखवावेत तसे आपले दात, केस, हात व पाठ प्रेक्षकांना दाखवितात. एका प्रसंगात अनेक पुरुष एका स्त्रीभोवती जमून तिला हळुवारपणे कुरवाळतात. स्पर्श वाढत जाऊन त्या मायेचाच छळ होतो. कथानक नसूनही प्रेमाची भूक व तीतून उद्भवणारी हिंसा प्रेक्षकाला उमगते.

भारताशी संबंध : देशत्यागानंतर १९३४ मध्ये योसने इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल येथे आश्रय घेतला. त्याच संस्थेच्या चालकांचे साहाय्य उदय शंकर यांना अलमोडा येथील संस्कृतिकेंद्र उभारताना मिळाले. १९४४ पर्यंत चाललेल्या या केंद्रातील शिक्षणक्रमात आशुरचनेचा वर्ग होता. तेथून आलेल्या कलावंतांपैकी शांती बर्धन यांनी मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनच्या मध्यवर्ती पथकासाठी नृत्यनाट्ये रचली आणि १९५२ मध्ये लिट्ल बॅले ट्रूपची स्थापना केली. बाउशने आपल्या संचासह भारतात वास्तव्य करून केलेल्या तालमींतून ‘बांबू ब्लूज’ (२००७) ही कृती निर्माण झाली.

कर्तृत्व व जतन : या कृती बाउशच्या नावाने ओळखल्या जातात. प्रश्न, निवड व रचना तिची असल्याने ते योग्यही आहे. परंतु सामग्री नर्तकांच्या आयुष्यातून आलेली असते. एखाद्याने आपली आठवण सांगून घडविलेला प्रसंग त्याच्या निवृत्तीनंतर दुसरा नर्तक करतो, तेव्हा ती आठवण कोणाची, असा प्रश्न उपस्थित होतो. बाउशने त्याचे उत्तर प्रत्यक्ष प्रयोगातून शोधले. २००० मध्ये ‘कोंटाक्टहोफ’ पासष्ट वर्षांवरील हौशी स्त्रीपुरुषांकडून आणि २००८ मध्ये चौदा वर्षांवरील मुलामुलींकडून बसवून घेण्यात आले. दोन्ही वेळी मूळ संचातील जो अ‍ॅन एंडिकॉट हिने तालमी घेण्यात प्रमुख भाग घेतला. हालचाली त्याच राहिल्या. मात्र वृद्धांच्या संचात एकाकीपणा, तर मुलांच्या संचात अनभिज्ञ कुतूहल प्रकट झाले. मूळ आठवण जशीच्या तशी दुसऱ्याला देता येत नाही, पण तिने घातलेला आकार नव्या अनुभवाने भरता येतो, हे यावरून दिसून आले.

३० जून २००९ रोजी बाउशचे निधन झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या पीना बाउश प्रतिष्ठानाने टिपणवह्या, चित्रमुद्रणे व छायाचित्रे यांचा संग्रह जतन करण्याचे कार्य हाती घेतले. तथापि हे साहित्य तालमीला पूरकच ठरते. भूमिकेचे संक्रमण मुख्यतः जुन्या नर्तकाकडून नव्याकडे, गुरुशिष्यपरंपरेप्रमाणे, समक्ष होते. २०२४ मध्ये मेरिल टँकर्ड हिने १९७८ च्या ‘कोंटाक्टहोफ’मधील काही मूळ नर्तकांना एकत्र आणून जुन्या चित्रमुद्रणासह नवा प्रयोग सादर केला. सेहेचाळीस वर्षांपूर्वी तालमीत दिलेली उत्तरे त्यांनी वार्धक्याने बदललेल्या शरीरांनी पुन्हा दिली. अशा कृतीचे खरे लेखन नर्तकांच्या शरीरांत असते आणि म्हणूनच तिचे आयुष्य ती शिकविणाऱ्या माणसांच्या साखळीवर अवलंबून राहते.