पडद्याबाहेरचं पार्श्वसंगीत

चित्रपटाचं वाद्यवृंदीय पार्श्वसंगीत वेगळं काढून ऐकणं म्हणजे नाटक सोडून नुसतं नेपथ्य पाहत बसणं, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो तर्काला धरून वाटतो, पण इतिहास त्याच्या बाजूने नाही. इब्सेनच्या ‘पीर गिंट’ नाटकासाठी ग्रीगने केलेलं संगीत १८७६ साली रंगभूमीवर आलं. पुढे त्यानेच त्यातून दोन सुइट बांधल्या आणि जगाने ते संगीत प्रामुख्याने त्या सुइटमधूनच ऐकलं. मराठी श्रोत्याला तर हे समजावून सांगायलाच नको. ‘सौभद्र’ आणि ‘मानापमान’मधली पदं त्या नाटकांचा एकही प्रवेश न पाहिलेल्यांनी मैफलींत पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहेत. तेव्हा संगीत प्रसंगापासून तोडावं का, हा वाद जुना झाला. तोडल्यावर ते पुन्हा कसं बांधलं, हे पाहायला हवं.

प्रोकोफिएव्हचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. आयझेनस्टाइनचा ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ १९३८ साली आला. त्यातलं संगीत अप्रतिम, पण चित्रपटातलं ध्वनिमुद्रण अगदीच निकृष्ट. १९३९ साली प्रोकोफिएव्हने त्याच साहित्यातून सात भागांचा कँटाटा रचला. त्यासाठी त्याने वाद्यरचना नव्याने केली, तुकडे जोडले, काही गाळले. बर्फावरच्या लढाईचा पाचवा भाग ऐकावा. थिजल्यासारख्या संथ सुरुवातीतून वेग चढत जातो, समूहगायन आणि पितळी वाद्यं एकमेकांवर आदळतात आणि शेवटी सगळं निवळतं. पुढच्या भागात रणभूमीवर पडलेल्यांमधून फिरणाऱ्या स्त्रीचा एकटा आवाज येतो. हे समजायला पडदा लागत नाही. लढाईचा चढ आणि उतार स्वरांतच आहे.

अमेरिकेत मोठा पल्ला गाठला तो जॉन विल्यम्सच्या ‘स्टार वॉर्स’ने. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेला हा दोन तबकड्यांचा अल्बम १९७७ साली निघाला, तेव्हा विल्यम्सने चित्रपटातला क्रम बाजूला ठेवला. दूरदूरचे प्रसंग शेजारी आणले आणि प्रत्येक बाजू ऐकताना चढउतार राहील अशी मांडणी केली. राजकन्या लेयाची धून तिथे पूर्ण विस्ताराने आहे; तशी ती चित्रपटात कुठेच येत नाही. यावर जाणकार रसिकांची तक्रार असते की अशा अल्बममधून मोलाचे तुकडे सुटतात, म्हणून सगळं संगीत पडद्याच्या क्रमाने मिळायला हवं. अभ्यासासाठी ही मागणी रास्तच आहे. मात्र अर्ध्या मिनिटाचे, दृश्य बदलताच तुटणारे तुकडे ओळीने ऐकताना मन लागत नाही, हेही तितकंच खरं. संपूर्ण आवृत्ती दस्तऐवज म्हणून जपावी आणि ऐकायला संगीतकाराने स्वतः बांधलेला अल्बम घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईत मात्र ही बांधणी फारशी झालीच नाही. ताकदीचे वादक होते. स्टाफ नोटेशन लिहिणारे-वाचणारे गोव्याचे वादक आणि अरेंजर हिंदी चित्रपटसंगीताचा कणा होते. पण तबकडी खपायची ती गाण्यांची. ‘शोले’चे संवादसुद्धा तबकडीवर निघाले आणि घरोघरी पाठ झाले; निव्वळ पार्श्वसंगीताच्या तबकड्या मात्र क्वचितच निघाल्या. वाद्यवृंदाला पडद्याबाहेर जागा मिळावी, अशी धडपड माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली केली. मोठा वाद्यवृंद उभा करून त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्सच्या आवारात रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. ती वाट पुढे रुंद झाली नाही, ही मोठी हानी आहे. म्हणून गोव्यात, वांद्र्यात किंवा माहीमला ज्या घरांत त्या काळच्या वादकांची हस्तलिखित नोटेशन्स अजून असतील, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. ती वाचून पुन्हा वाजवू शकणारे वादक आजही मुंबईत आहेत.