बॅटरी शॉर्ट झाल्यानंतर जुनी गाडी सुरू होत नसेल तर बिघाड कसा शोधावा?

बॅटरीचे प्लसचे टोक आवळताना पाना बॉडीला टेकतो. क्षणभर ठिणग्या उडतात, जळका वास येतो आणि त्यानंतर किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म हलत नाही. प्रीमियर पद्मिनी, फियाट ११०० किंवा ॲम्बेसेडर बाळगणाऱ्यांच्या वाट्याला हा प्रसंग कधी ना कधी येतो.

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यासारख्या गावात अशा वेळी ट्रॅक्टर हाताशी असतो, त्यामुळे पहिला उपाय म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून केबल लावली जाते. नेमकी हीच घाई महागात पडते. शॉर्ट अजून कायम असेल तर दुसरी ताकदवान बॅटरी जोडताच अर्धवट जळालेली वायर पूर्ण पेट घेऊ शकते. ट्रकवरून केबल लावणे तर टाळावेच, कारण ट्रक-बसची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते.

एवढे नुकसान का होते?

१२ व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, म्हणून बॅटरी निरुपद्रवी वाटते. पण तिचा अंतर्गत रोध अत्यल्प असतो. जाड लोखंडी पाना आडवा आला तर शेकडो ॲम्पिअर प्रवाह वाहतो. पाना वितळतो, हातातली अंगठी क्षणात लालबुंद होऊ शकते आणि चार्जिंगच्या वेळी साठलेला हायड्रोजन वायू पेटला तर बॅटरी फुटते.

आजच्या गाड्यांत बॅटरीजवळच मोठे मुख्य फ्यूज असतात. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनत होती त्या काळच्या बहुतेक गाड्यांत दिवे, हॉर्न, वायपर यांना फ्यूज आहेत. स्टार्टर, चार्जिंग आणि इग्निशनच्या वायरींना मात्र नाहीत. म्हणजे तिथे फ्यूजऐवजी वायरच जळते. त्यामुळे फ्यूजबॉक्समधले सगळे फ्यूज शाबूत दिसले तरी वायरिंग ठीक आहे असे समजू नये.

आधी बल्ब, मग बॅटरी

पहिले काम बॅटरीची मायनस केबल काढण्याचे. (काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत प्लस टोक बॉडीला जोडलेले असते, तिथे प्लस आधी काढावे. बॉडीला जोडलेले टोक आधी सुटते आणि शेवटी बसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.)

आता किल्ली, दिवे, सगळे बंद ठेवून बॅटरीचे मायनस टोक आणि सुटलेली केबल यांच्यामध्ये इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब जोडावा. शॉर्ट कायम असला तरी बल्बमधून दोन ॲम्पिअरपेक्षा फारसा जास्त प्रवाह जाऊ शकत नाही, म्हणून ही तपासणी सुरक्षित आहे.

बल्ब पेटलाच नाही तर पुढे जाता येते. पूर्ण प्रकाशात पेटला तर शॉर्ट अजून आहे. मंद पेटला तर कुठेतरी प्रवाह गळतो आहे. अशा वेळी एकेक जोड सोडून बल्ब कधी विझतो ते पाहावे. अल्टरनेटरची जाड वायर काढताच विझला तर डायोड गेले आहेत. केबल उलटी लागली असेल तर हा बिघाड हमखास होतो. डायनामो असलेल्या गाडीत कटआउटचे पॉइंट चिकटलेले सापडतात. शेवटी किल्ली ऑन केल्यावर बल्ब पेटला तर घाबरू नये. डेल्कोमधले पॉइंट मिटलेले असताना कॉइल प्रवाह घेतेच.

सेल्फ फिरतच नसेल तर

भरलेल्या आणि काही तास विसावलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १०.५ च्या आसपास असेल तर सहापैकी एक सेल मेला असण्याची शक्यता मोठी. मात्र नुसत्या व्होल्टेजवर विसंबणे धोक्याचे आहे. मोठ्या शॉर्टमध्ये बॅटरीच्या आतली जोडपट्टी वितळून जेमतेम चिकटून राहते. मीटर १२.६ दाखवतो, पण भार पडताच सगळे कोसळते. म्हणून हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे साफ विझले तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टोकांच्या जोडात. दिवे तसेच प्रखर राहिले तर प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचतच नाही; सोलेनॉइड, त्याची वायर आणि किल्लीचा स्विच तपासावा. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर साडेनऊ-दहा व्होल्ट टिकायला हवेत.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीकडे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे सेल्फचा प्रवाह परत येण्याचा खरा रस्ता हाच. ही पट्टी तुटली किंवा गंजली असेल तर प्रवाह चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि सेल्फ मारताना ती केबल तापून धूर येतो. जंपर केबलचे एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसरे बॅटरीच्या मायनसला लावावे. सेल्फ झटक्यात फिरला तर शंभर-दोनशे रुपयांच्या पट्टीवर काम भागते, नवी बॅटरी लागत नाही.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक असतो, इंजिनच्याच फिरण्यावर चालतो. शॉर्टने त्याला काही होत नाही, म्हणून कार्बोरेटर उघडून बसण्यात अर्थ नाही. आधी ठिणगी पाहावी.

किल्ली ऑन करून टेस्टिंग बल्ब कॉइलच्या प्लस टोकाला आणि बॉडीला लावावा. पेटला नाही तर किल्लीचा स्विच किंवा मधली वायर जळाली आहे. खात्रीसाठी बॅटरीच्या प्लसवरून कॉइलच्या प्लसला फ्यूज असलेली तात्पुरती वायर देता येते. इंजिन लागलीच सुरू झाले तर दोष सापडला. मात्र ही वायर असताना किल्लीने इंजिन बंद होणार नाही आणि इंजिन थांबलेले असताना ती तशीच राहिली तर कॉइल तापून जाईल. ज्या कॉइलला वेगळा रोधक आहे, तिच्यावर हा प्रयोग फार वेळ करू नये.

प्रवाह पोहोचतो पण ठिणगी नाही, असे असेल तर पॉइंट काजळलेत का, फट सुमारे ०.४ मिलिमीटर आहे का, हे पाहून कंडेन्सर बदलून बघावा. तो स्वस्त असतो.

नवी बॅटरी बसवण्यापूर्वी

जळालेली वायर बाहेरून नेहमी दिसत नाही. जुडग्याची टेप सोडली की आतल्या दोन-तीन वायरींची आवरणे एकमेकांत वितळून चिकटलेली आढळतात. तापलेली वायर कडक होते आणि वाकवली की आवरण तडकते. असा तुकडा टेप गुंडाळून तसाच ठेवणे म्हणजे आग पुढे ढकलणे. तो त्याच जाडीच्या वायरने बदलावा आणि मुख्य वायरीत बॅटरीजवळ एक फ्यूज घालून घ्यावा. मूळ रूप जपणाऱ्यांना हा बदल खटकतो. पण फ्यूज बोनेटखाली लपवता येतो, जळालेले वायरिंग मात्र तयार मिळेलच असे नाही, अनेकदा हाताने बांधून घ्यावे लागते.