लोखंडाला मज्जाव: अलिबागची वेधशाळा आणि एमआरआयची खोली

अलिबागला येणारा पाहुणा कुलाबा किल्ल्याचे फोटो काढतो. किनाऱ्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेकडे सहसा बघतही नाही. मला मात्र एमआरआय समजला तो तिच्यामुळे.

मुंबईच्या कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मग विजेच्या ट्राम यायचं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून संचालक नानाभॉय मूस यांनी नवी वेधशाळा अलिबागला उभारली. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, मालिका तुटू नये म्हणून. ट्राम धावली 1907 ला. केवढी दूरदृष्टी! इमारतीला आपला कोकणातला काळा दगड चालेना, कारण त्यात चुंबकीय खनिज असतं. पोरबंदरचा दगड आणला आणि बांधकामात लोखंड टाळलं.

आता गंमत बघा. पृथ्वीचं क्षेत्र मोजायचं एक यंत्र आहे, प्रोटॉन मॅग्नेटोमीटर. त्यात पाणी किंवा रॉकेलसारखा द्रव असतो. त्यातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन भोवऱ्यासारखे डुलतात. अलिबागच्या क्षेत्रात सेकंदाला साधारण 1800 वेळा. डुलण्याच्या वेगावरून क्षेत्राची ताकद कळते. एमआरआय हेच करतो, फक्त द्रवाच्या जागी आपलं शरीर. 1.5 टेस्लाचं यंत्र अलिबागच्या क्षेत्राच्या जवळजवळ 35 हजार पट ताकदीचं. तिथे प्रोटॉन सेकंदाला 6 कोटींहून जास्त वेळा डुलतात. रेडिओलहरींनी त्यांना ढकलायचं, परत येणारा संदेश टिपायचा. जागेनुसार क्षेत्र थोडं बदलत नेलं की संदेश कुठून आला ते कळतं. ही युक्ती पॉल लॉटरबर यांनी 1973 ला मांडली. क्ष-किरण यात नाहीत. तो ठकठक आवाज त्या बदलणाऱ्या क्षेत्राच्या वेटोळ्यांचा.

मग धोका कशाचा? अतिवाहक चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. तपासणी थांबली म्हणजे चुंबक थांबला, हा समज जिवावर बेततो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन खोलीत गेलेला रुग्णाचा तरुण नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. म्हणजे नियम रुग्णाइतकाच सोबत्यालाही लागू! अलिबागला लोखंड नको ते सुईसाठी, इथे नको ते माणसासाठी.

गेल्या वर्षी माझ्या पाठीचा एमआरआय झाला. पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, विचारून झाल्यावर तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "आजोबा, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?" मला प्रश्न विचित्रच वाटला. तिने समजावलं: तो कण आत हलला तर डोळा जाईल. मी लहानपणी लोहाराच्या भात्यापाशी तासन्‌तास बसायचो, ते तिला सांगून टाकलं. तिने आधी डोळ्याचा एक्स-रे काढायला पाठवलं.