केडगावला उतरा, बेटात जायचंय

साल 1915, महिना एप्रिलचा. पुण्याहून रायचूरकडे निघालेल्या गाडीत तुम्हाला खिडकीची जागा मिळाली आहे आणि लोणी येईपर्यंत तिचा पश्चात्तापही होऊन गेला आहे. इंजिनाची कोळशाची कणी डोळ्यात जाते, अंगावरच्या कपड्यांना करपट वास येतो. समोरच्या बाकावर एकवीस वर्षांचा एक इराणी तरुण बसलाय. पुण्याचा, डेक्कन कॉलेजात शिकलेला, नाव मेरवान. तिकीट रायचूरचं आहे. त्याच्याशी बोलायला जाऊ नका. वर्षा-दीड वर्षापासून त्याचं चित्त ठिकाणावर नाही, घरचे काळजीत आहेत. मध्ये एका स्टेशनावर गाडी थांबते. पुण्यापासून 34 मैल. तरुण अचानक उठतो आणि उतरतो. तुम्हीही उतरा.

हे केडगाव. 1858 साली पुण्याहून दिक्सळपर्यंत रूळ पडले तेव्हापासून ही वाट आगगाडीची झाली. फलाटाबाहेर टांगा आहे, दोन छकडे आहेत, आणि ऊन असं की बैलांनीही सावली सोडायला नकार दिलाय.

"बेटात जायाचं न्हवं, पाव्हनं?" टांगेवाला विचारतो. तुम्ही काही बोलायच्या आतच त्यानं तुमचं बोचकं उचललेलं असतं. या स्टेशनावर परका माणूस उतरला की त्याच्या दोनच वाटा असतात. एक पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनची, दुसरी नारायण महाराजांच्या बेटाची, म्हणजे त्यांच्या दत्तस्थानाची. कपाळावरचं गंध बघून टांगेवाल्यानं तुमची वाट ठरवून टाकली आहे.

बेटात पोचता तेव्हा दर्शनाची रांग लागलेली आहे. सगळे सारखे उभे आहेत असं समजू नका. 1915 साली देवळात कोणी कुठवर जायचं हे जातीवर ठरतं, आणि तुम्हालाही पायरीशी कोणीतरी आडनाव विचारेलच. रांगेतल्या एका बाईचा मुलगा पलटणीत आहे. बसऱ्याकडे मराठा पलटणी लढताहेत, पत्र आलेलं नाही, म्हणून ती नवस बोलायला आली आहे. असे नवस या वर्षी पुष्कळ आहेत.

आणि आत? आत तिशीच्या आतबाहेरचा, लहानखुऱ्या चणीचा एक माणूस बसला आहे. रेशमी वस्त्रं, अंगावर दागिने, बसायला सिंहासन. तुमच्या डोळ्यांना सवय आहे ती लंगोटीतल्या साधूची, फाटक्या कफनीची. इथं दरबार आहे. एवढ्यात तो इराणी तरुण पुढं येतो आणि महाराज सिंहासनावरून उठतात, त्याचा हात धरून त्यालाच तिथं बसवतात, आपल्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घालतात. मग आंब्याचा रस मागवतात. एप्रिल आहे, रस असणारच. मेरवानला पुढं जग मेहेरबाबा म्हणून ओळखेल आणि त्याच्या चरित्रांत हा प्रसंग लिहिला जाईल. आज मात्र रांगेतल्या लोकांना एवढंच दिसतं की एका परधर्मी पोराला महाराजांनी आपली जागा दिली. आत्ताच पायरीशी आडनाव विचारलं गेलं होतं, ते तुम्हाला आठवतं.

आता त्या दागिन्यांविषयी. दत्त हा भिक्षेकऱ्यांचा देव. गाणगापुरात दुपारी माधुकरी मागायची रीत आहे, देव स्वतः त्या वेळी कोणत्या तरी रूपात भिक्षेला येतो असं तिथं मानतात. नारायण महाराज त्याच गाणगापूरच्या भक्तीतून आलेले, लहानपणीच पोरके झालेले. झोळीवाल्याच्या भक्तानं सिंहासनावर बसावं हे शहरातल्या शिकलेल्या माणसाला खटकतं. मला ते फारसं खटकत नाही. गुरुचरित्र काढून शेवटचे अध्याय वाचा. पूर्वजन्मी परीट असलेला बिदरचा बादशहा फोडानं बेजार होऊन दत्तावतार मानलेल्या नृसिंह सरस्वतींकडे येतो, बरा होतो आणि संन्याशाला पालखीत बसवून आपल्या नगरात घेऊन जातो. संन्यासी नाही म्हणत नाही. दत्तसंप्रदायात दंड-कमंडलू आणि पालखी यांचं वैर कधी नव्हतंच. दत्ताच्या गजरात त्याला राजाधिराज म्हणतात, तेही उगाच नाही.

सहा वर्षं पुढं या. 1921चा मार्गशीर्ष, थंडी चांगली पडली आहे. ज्वारी पोटऱ्यात आली आहे, गुऱ्हाळांच्या चुलाणाचा गोड धूर सकाळी खाली बसतो. दत्तजयंतीला आठवडा उरलाय, म्हणजे गुरुचरित्राचा सप्ताह बसला आहे. वाचणाऱ्यानं सोवळ्यात बसायचं, एकभुक्त राहायचं, जमिनीवर निजायचं, सात दिवसांत पोथी संपवायची. मधेच उठायचं नाही. तुम्ही कोपऱ्यात जागा धरा. शेजारी नऊवारीतली एक आजी जपमाळ घेऊन बसली आहे. तिला कितीतरी कथा तोंडपाठ आहेत, वाचणारा चुकला तर तिचे ओठ आधी हलतात. तरी पोथी तिच्या हातात द्यायची नाही, कारण बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा समज. ती ऐकते, आणि बहुधा वाचणाऱ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकते.

दुपारी पाय मोकळे करायला निघाला असाल तर मुक्ति मिशनच्या बाजूला जाऊन या. 1896-97 च्या दुष्काळातल्या निराधार मुलींना घेऊन रमाबाई इथं आल्या. आता त्यांचं वय त्रेसष्ट आहे, कानांनी दगा दिलाय, आणि त्या हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणताहेत. छापखाना आवारातच आहे, खिळे जुळवणाऱ्या बायकाच. गंमत बघा: ही बाई पुराणिकाच्या घरची, लहानपणी आईनं भागवत शिकवलं म्हणून गावोगाव श्लोक म्हणत फिरलेली. त्याही मूळच्या कर्नाटकातल्या, महाराजही तिकडचेच. 5 एप्रिल 1922 ला त्या जातील; हा त्यांचा शेवटचा हिवाळा. केडगावच्या एका अंगाला पोथीला हात न लावणारी आजी आणि दुसऱ्या अंगाला अख्खा ग्रंथ भाषांतरणारी बाई, दोघी एकाच गार वाऱ्यात शाल ओढून बसल्या आहेत. दोघींची भेट मी घडवून आणू शकत नाही. गाव त्या काळात तेवढं लहान नव्हतं.

पौर्णिमेला संध्याकाळी बेटात परत या. दत्ताचा जन्म सूर्यास्ताचा. दिवसभर उपास केलेली माणसं पाळण्याकडं डोळे लावून आहेत. जन्म झाला की गुलाल, मग सुंठवडा. हातावर घ्या आणि लगेच तोंडात टाका. सुंठीचा ठसका थंडीत बरा वाटतो.

आणखी पुढं, 1930च्या दशकात, तुम्हाला बघायचाय तो प्रकार वेगळा आहे. सत्यनारायण. त्याची कथा स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून सांगतात, बंगालातल्या सत्यपीराशीही तिचं नातं जोडलं जातं. मुळात हे घरचं व्रत. एक चौरंग, चार केळीचे खुंट, एक कलश, एक यजमान जोडपं. मुहूर्ताची फार मातब्बरी नाही, जातीची अट नाही. कथेत ब्राह्मण आहे, लाकूडतोड्या आहे, साधुवाणी आहे, राजा आहे, गवळी आहेत, आणि प्रसाद नाकारणारा राजाच गोत्यात येतो. बेटात महाराजांनी हे घरचं व्रत देवळात आणलं आणि एका वेळी 108 मांडायला लावले. पुढ्यातल्या पानात काय ते कळण्याआधी तुम्हाला एका चौरंगामागं बसवलेलं आहे. होय, तुम्हीच यजमान.

"ताम्हण पुढं घ्या. पळी उजव्या हातात. नाव, गोत्र?"

गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणा, गुरुजींचं काम अडत नाही. 108 तोंडांतून संकल्प एकदम निघतो तेव्हा शब्द ऐकू येत नाहीत, नुसती घरघर येते, ओढ्याला पाणी आल्यासारखी. मागच्या बाजूला स्वयंपाकघरात हिशेब चालू आहे आणि मला तो पूजेहून थोर वाटतो. प्रत्येकाचा शिरा सव्व्याच्या मापानं करायचा. सव्वा शेर धरला तर 108 पूजांना 135 शेर रवा, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. तेवढंच तूप, तेवढीच साखर, शिवाय केळी. प्रत्येक चौरंगावर सहस्र तुळशी वाहायच्या ठरवल्या तर 1 लाख 8 हजार पानं, ती पहाटे कोणीतरी निवडलेली. हातांना तुळशीचा काळपट रस लागलेला माणूस शोधा. त्याचं नाव कुठल्याच चरित्रात नाही.

पण बेट 108 च्या दिवशी उभं राहत नाही. दत्ताचा वार म्हणजे गुरुवार; एखादा साधा गुरुवार बघा, आषाढातला, पेरण्या आटोपलेल्या. पहाटे काकडा, मग पंचामृत, रुद्र. दुपारी नैवेद्य. औदुंबराला प्रदक्षिणा घालणारी दहा-वीस माणसं: पाटसहून आलेला एक शिक्षक, पोर न होणारी एक सून आणि तिची सासू, बाजाराला आलेला नि वाट वाकडी करून आत शिरलेला एक शेतकरी. सासू सुनेच्या मागं चालत फेऱ्या मोजते आहे, एखादी चुकवेल म्हणून. गर्दी नाही म्हणून पुजाऱ्यालाही बोलायला सवड आहे: पाऊस, मुलाची नोकरी, म्हशीचं दूध. उत्सवाला येणारा माणूस परत गेला की गेला. गुरुवारचा माणूस पुढच्या गुरुवारी येतो, आणि देऊळ त्याच्यावर चालतं.

एक शेवटची उडी. 1945. युद्धानं साखर-रॉकेल रेशनवर नेलंय. महाराज बेटात नाहीत, बंगलोरला अतिरुद्र मांडून बसले आहेत. अतिरुद्र म्हणजे काय ते बेटातला कोणीही मुलगा बोटांवर सांगेल: रुद्राची अकरा आवर्तनं म्हणजे एकादशिनी, अकरा एकादशिनींचा लघुरुद्र, अकरा लघुरुद्रांचा महारुद्र, अकरा महारुद्रांचा अतिरुद्र. गुणत जा, 14,641 आवर्तनं होतात. 2 सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरात जपाननं शरणागतीवर सही केली. 3 सप्टेंबरला महाराजांनी बंगलोरलाच देह ठेवला. सोमवार होता, तोही श्रावणातला. केडगावला ही बातमी जपानच्या बातमीच्या मागोमाग पोचली, आणि तिनं दुसरी बातमी पुसून टाकली.

त्या आठवड्यातल्या गुरुवारीही कोणीतरी नैवेद्य वाढलाच असणार. सिंहासनापुढचा दरबार माणसासाठी होता, तो माणसाबरोबर संपला. देव्हाऱ्यापुढचं काम दत्ताचं होतं, आणि दत्ताला वार लागतो. बेट टिकलं ते यामुळं, असं माझं मत आहे. भक्तांना ते पटणार नाही, ते महाराजांची कृपा म्हणतील, आणि त्यांच्याशी वाद घालायला मी बेटात जाणार नाही.

आता आजच्या वेळेत या. पुणे-दौंड लोकलनं केडगाव गाठा, स्टेशनावर अजूनही "बेटात" एवढं सांगितलं की पुरतं. टांग्याच्या जागी रिक्षा आहे. मोठा दिवस बघायचा असेल तर मार्गशीर्षात या. 2025 साली दत्तजयंती 4 डिसेंबरला, नेमकी गुरुवारी आली होती, असा योग दरवर्षी येत नाही. पंचांग बघताना पौर्णिमा संध्याकाळी आहे ना ते तपासा, कारण जन्म तेव्हाचा. आणि एकदाच यायचं असेल तर जयंती सोडा, पावसाळ्यातला एखादा गुरुवार धरा.