तलाव बुजले, चतुर छापले गेले

धोबी तलावला उतरलात तर तलाव शोधू नका. सी. पी. टँकला टँक नाही. गवालिया टँकचं मैदान झालं आणि १९४२ मध्ये तिथूनच ‘चले जाव’ची हाक गेली. या बुजलेल्या पाण्यांपर्यंत मी एका टाचणीमुळे पोचलो.

टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. इंग्रजीत स्ट्रीम ग्लोरी म्हणतात ती सह्याद्रीतल्या खळाळत्या, सावलीच्या ओढ्यांवर राहते. नर पंख मिटून बसला की तपकिरी काडी. उडाला की मागच्या पंखांवर धातूसारखी हिरवी झळाळी. हा हिरवा रंग रंगद्रव्याचा नाही. पंखांतल्या अतिपातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे, साबणाच्या फुग्यासारखा. लिनियसने १७५८ मध्ये तिला ‘चायनेन्सिस’ म्हटलं. राहते आपल्या ओढ्यावर, नाव चीनचं!

माझे आजोबा कोकणातून परळच्या गिरणीत आले. त्यांच्या गावच्या व्हाळावर ती दिसली आणि मी फ्रेझर वाचायला घेतला. फ्रेडरिक फ्रेझर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. १९१८ पासून त्याची भारतीय चतुरांवरची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येत होती; पुढे १९३३ ते १९३६ दरम्यान त्याचे तीन जाडजूड खंड निघाले. ही सोसायटी १८८३ मध्ये आठ जणांनी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाडमध्ये, सुरू केली. गिरणगावाच्या अगदी उंबऱ्यावर.

देशभरातले चतुर इथे छापले जात असताना शहर स्वतःचं पाणी झाकत होतं. १९११ मध्ये डॉ. बेंटलींनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला. विहिरींत वाढणारा डास दोषी ठरला आणि विहिरी बंद करायची मोहीम सुरू झाली. विहिरीला पवित्र मानणाऱ्यांनी, विशेषतः पारशांनी, विरोध केला. चतुरांची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण तेवढ्यासाठी विहिरी उघड्या ठेवायला हव्या होत्या असं मी म्हणणार नाही. माणसं तापाने मरत होती. शिवाय स्ट्रीम ग्लोरीला गिरगावच्या साचलेल्या पाण्याचा उपयोग नव्हताच. तिला वाहतं, स्वच्छ पाणी आणि त्यात बुडालेल्या वनस्पती लागतात. ती अंडी तिथेच घालते.

शहराला साजेसा चतुर वेगळा. पाऊस ओसरताना शिवाजी पार्कवर घिरट्या घालणारा पिवळसर पँटाला. त्याला पावसाचं तात्पुरतं डबकंही पुरतं. २००९ मध्ये चार्ल्स अँडरसन यांनी मांडलं, की हे चतुर भारतातून मालदीवमार्गे थेट आफ्रिकेपर्यंत जातात. इतकं जमवून घेणारा कीटक कुठेही टिकेल.

गावच्या व्हाळाला यंदा दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती आल्या, तळ सपाट झाला. पाणी वाहतंय, पण काठची झाडी आणि पाण्यातलं गवत गेलं. दिवाळीत दोन सकाळी तिथे बसलो. एकच नर दिसला, वरच्या अंगाला, जिथे काँक्रीट अजून पोचलेलं नाही.