नव्या माशाची भूक

प्रवाळ-मत्स्यालयात नव्याने सोडलेला खुजा एंजलफिश कपारीत दडून बसतो, काही खात नाही आणि आठवड्याभरात मरतो, हा शौकिनांचा जुना अनुभव. सेंट्रोपायगी प्रजातीतले हे मासे तळहातावर मावतील एवढे. समुद्रात ते दिवसभर खडकावरचे शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खुडत असतात. वरून टाकलेले कोरडे खाद्य हे अन्न आहे, हे त्यांना कळावे कसे?

लंडनमध्ये १८५० साली रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी पाणवनस्पती, गोगलगायी आणि गोल्डफिश यांचा मेळ घालून टाकीतले पाणी चांगले राखून दाखवले होते. शंभर वर्षांनी प्रवाळावरचे मासे पाळताना मात्र टाकीत धुऊन पांढरी केलेली मृत प्रवाळे मांडत. दिसायला स्वच्छ, माशाच्या लेखी ओसाड!

जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी नेमके उलट केले. समुद्रातले जिवंत खडक व प्रवाळ, समुद्राचेच पाणी आणि हवेचे बुडबुडे, गाळणयंत्र नाहीच. १९६१ मध्ये त्यांनी ही रीत एका अमेरिकन मासिकात मांडली. अशा खडकांतले जिवाणू माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचे रूपांतर करतात. आणि एंजलला चरायला कुरण मिळते, लपायला कपार.

त्याच दशकात फिलिपीन्समध्ये मासे गुंगवून पकडण्यासाठी सोडियम सायनाइड वापरले जाऊ लागले. त्यातून आलेला मासा उत्तम टाकीतही दगावू शकतो. म्हणून जाणते शौकीन आधी दुकानात मासा खाताना पाहतात, मुरलेल्या टाकीतच सोडतात, आणि जुने मासे भांडखोर असतील तर काही दिवस त्याला जाळीआड ठेवतात.