तेल आणि धूळ

दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल चोळावे आणि मग ते उटण्याने काढून टाकावे, ही रीत आपल्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. शस्त्रांचा अभ्यंगही याच न्यायाने चालतो. फरक एवढाच, की तेथे उटण्याची हयगय झाली तर प्राणांशी गाठ पडते.

खंडेनवमीला पूजेत मांडली जाणारी तलवार किंवा भाला म्हणजे उघडे पोलाद. त्याला शत्रू एकच, गंज. तेव्हा तेलाचा हात सढळ असला तरी चालतो. तोड्याच्या बंदुकीचेही बरेचसे तसेच होते. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल शोषून लोखंड खाते; म्हणून नळी कढत पाण्याने धुवायची, कोरडी करायची आणि तेल लावून ठेवायची. पिढ्यान् पिढ्या आपला हात या सवयीने घडला.

पुढे 1900 च्या सुमारास अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने रचलेले आपोआप भरणारे पिस्तूल बेल्जममध्ये तयार होऊ लागले. गोळी सुटताच त्याचा वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. या सरकत्या भागाच्या खाचांत तेल साचले व त्यावर धूळ बसली, की दोहोंची मिळून घासणारी चिकट लेई होते. स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो आणि पिस्तूल ऐन वेळी मुके होते.

अशी वीस ब्राउनिंग पिस्तुले 1909 च्या आरंभी सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात धाडली. त्यांतल्याच एकाने 21 डिसेंबर 1909 रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. संस्कृतचा व्यासंगी असलेला हा अधिकारी तेथेच मरण पावला. कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तिघे 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. इतिहासाने माणसे लक्षात ठेवली, आणि ते योग्यच झाले. पण त्या पिस्तुलांनीही या देशातला एक पावसाळा पाहिला होता, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

पाच वर्षांनी आपल्या शिपायांना उलटी परीक्षा द्यावी लागली. 1914 मध्ये सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली. 1915 च्या डिसेंबरपासून 29 एप्रिल 1916 पर्यंत कुतच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तेथली धूळ पिठासारखी बारीक. अधिकाऱ्याच्या कमरेचे वेब्ली रिव्हॉल्व्हर झाकणाच्या चामडी म्यानात असे, ते उगाच नव्हे.

वाळवंटाची शिकवण थोडक्यात अशी : हत्यार आधी रिकामे करावे आणि नळी डोळ्यांनी पाहून खात्री करून घ्यावी, रोज कोरड्या ब्रशाने धूळ झाडावी, तेलाचा नुसता पापुद्रा द्यावा व तोही फडक्याने पुसून घ्यावा, वापर नसेल तेव्हा हत्यार झाकून ठेवावे.

नाशिककराला या दोन्ही शिकवणी घरच्याच आहेत. इगतपुरीला धो धो पाऊस, तर त्याच जिल्ह्यात नांदगाव-मालेगावकडे उन्हाळ्यात धुळीचे लोट. घाटात जे तेल हत्याराला तारते, तेच माळावर त्याला मारते. पोलीस अकादमीत शिकणाऱ्या होतकरू फौजदाराला पुढे कोणत्या मुलखात चौकी मिळेल, ते आज कोण सांगणार? त्याच्या खिशात तेलाची कुपी असावीच. पण फडके विसरून चालायचे नाही.